भुसभुशीत जमीन

नव्या हिरवळीवर तिसरं पाऊल टाकताच मालकीणबाईंच्या पायाखालची जमीन खचली आणि त्या मटकन खाली बसल्या. माळीमामांच्या जावयाने धावत जाऊन त्यांना हात दिला. मामा मात्र जागच्या जागी खिळून राहिले. चूक कुणाची, हे त्यांना तेवढ्यात कळून चुकलं होतं.

डोंगरउतारावरच्या या परसातली हिरवळ बावीस वर्षं मामांनीच राखली होती. यंदा टँकर चार-चार दिवसांनी येऊ लागला. प्यायच्या पाण्याचीच मारामार, तिथे गवताला कोण विचारतो? बाईंनी मन घट्ट केलं. कडेने दगड आणि कमी पाण्यावर तगणारी झाडं लावायची, मधे प्लास्टिकचं गवत टाकायचं, असं ठरलं. ते गवत अंथरण्याचा धंदा मामांच्या जावयाचा. बापाला घरी बसवलंत तर तो खंगेल, असं मुलीने बजावल्यामुळे त्याने सासऱ्याला हाताशी घेतलं. सासरा जावयाच्या हाताखाली, म्हणजे सगळा उलटाच कारभार. पण मामांनी तेही निमूट गिळलं.

जावयाने काम एकच सांगितलं होतं. जुनं गवत काढा, जमीन तयार ठेवा. मामांनी ती केली. वीतभर खणली, ढेकळं फोडली, खडे वेचले, माती रव्यासारखी मोकळी केली. जमीन तयार करायची म्हणजे आणखी काय करायचं असतं, हे त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं. जावयाच्या माणसांनी घाईघाईत वर दगडाची बारीक कच पसरली आणि गवत अंथरून टाकलं. खाली बघायला वेळ कुणाला होता?

बाईंना फारसं लागलं नव्हतं. गुडघा चोळत त्या म्हणाल्या, की वय झालं, तोल माझाच गेला. ते ऐकून मामांना जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

जावयाने गवताचा कोपरा उचलला. बोट कचेतून सहज खालच्या मातीत गेलं.

"मामा," तो हलकेच म्हणाला, "याच्याखाली जमीन दगडासारखी लागते. याला मुळं नसतात."

"हो. ध्यानातच आलं नाही माझ्या."

"तुम्ही सावलीत बसा. माझी माणसं ठोकून घट्ट करतील."

"नको. बावीस वर्षं मी इथे कुणाला बूट घालून पाय ठेवू दिला नाही. दुसऱ्याने ठोकलेली मला बघवायची नाही."

गवत गुंडाळलं, कच बाजूला सारली. मामांनी जमीन ठोकायचं जड धुम्मस उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. मग उकिडवे बसून ते मातीतली गांडुळं वेचून एका डब्यात टाकू लागले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. जावयाने त्यांना चहाला पाठवलं, पँट वर ओढली आणि तोही मामांच्या शेजारी बसून वेचू लागला.

डबा भरल्यावर मामांनी तो कडेच्या झाडांच्या बुडाशी नेऊन रिता केला, वर दोन मुठी माती लोटली. परत येऊन त्यांनी धुम्मस उचललं आणि पहिला घाव घातला.