बटण, बटण, बटण

मी बटण बोलतोय. शर्टाचं नाही हो, वेबसाइटवरचं! माझा जन्म अमरावतीत, एका मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर झाला. तिथं परवेजभाई आणि त्यांची चुलतबहीण गजाला यांनी वेबसाइट बांधायचा एक तयार साचा केला होता. फ्रेमवर्क म्हणायचे त्याला. मी त्या साच्यात एकदाच घडलो आणि वऱ्हाडातल्या कितीतरी साइटांवर जाऊन बसलो. हिरवागार, गोल कोपऱ्यांचा. देखणा होतो मी, खोटं कशाला बोलू?

पण होतो मुका. ज्यांना दिसत नाही, त्यांचा कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवतो. तो आवाज माझ्यापाशी आला की गप्प व्हायचा, कारण माझ्यावरची अक्षरं म्हणजे नुसतं चित्र. त्याचं नाव साइट बांधणाऱ्यानं वेगळं लिहायचं असतं. ते कोण लिहितो! "नंतर टाकू" म्हणायचे आणि विसरायचे. शेवटी गजालानं साच्यातच सोय केली. नाव नसेल तर आपोआप "बटण" लागेल. प्रत्येक बटणाला नाव आहे का, ही तपासणी पास झाली, दोघं खाली जाऊन चहा पिऊन आले. मीही खूश. काय मूर्खपणा!

बोंडअळीच्या वर्षी ते भोवलं. अर्धा कापूस अळीनं खाल्ला होता. उरलेला तरी बऱ्या भावानं जावा म्हणून लोक अकोटच्या खरेदी केंद्राकडे डोळे लावून होते, आणि केंद्राची नोंदणी ऑनलाइन झाली होती. साइट आमच्याच साच्यातली. जवळच्या एका गावात सोसायटीच्या खोलीत रागिणी या नोंदी करायची. तिला दिसत नव्हतं, पण कीबोर्डवर बोटं भराभर चालायची. सोसायटीचे सचिव शेषराव तिला ठेवायला नाखूशच होते. "एक हंगाम पाहू," एवढंच म्हणाले होते.

पहिल्याच दिवशी गोदाबाईंची नोंद करताना तिच्या कानात आलं, "बटण. बटण." त्यातलं एक "नोंदवा" आणि एक "रद्द करा". तिनं अंदाजानं एक दाबलं. नोंद उडाली, आणि एकदा रद्द झालेली नोंद पुन्हा होईना. गोदाबाईंना कापूस गावात फिरणाऱ्या व्यापाऱ्याला पडेल भावानं द्यावा लागला.

शेषराव कडाडले, "म्या म्हनलंच होतं! सोमवारी दुसरा मानूस बसवतो."

"सोमवारी तुमच्यासमोर करून दाखवीन, काका. चुकलं त मीच उठीन."

असं म्हणून बसली खरी, पण बटणं अजून मुकीच होती. तिनं साइटच्या तळाशी दिलेल्या नंबरवर फोन लावला. तो अमरावतीत गजालानं उचलला.

"स्क्रीनवर काय दिसते तुमाले?"

"दिसत नाई, ताई. मले आयकू येते. तुमीबी आयका." तिनं फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ धरला. "बटण. बटण. बटण."

"यातलं रद्द करायचं कोनतं हाय? सांगा," रागिणी म्हणाली.

गजालालाही सांगता येईना. तो शब्द तिनंच घातला होता.

"त्या एका साइटवर नावं टाकून दे, झालं," परवेजभाई म्हणाले.

"एक साइट का सवाल नहीं है, भाई. साचाच बदलायचा. बटणाले नाव नसन, त साइट बनूच द्यायची नाई."

"पागल झाली काय? लोकं बोंबलतीन!"

गजालानं त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून पडद्यावर टाकला आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. "आता नोंद करून दाखवा."

भाईंनी कीबोर्डवरचा, पुढच्या बटणावर नेणारा टॅब दाबला. बटण. पुन्हा दाबला. बटण. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी ठोकलं एक. गजालानं दुपट्टा उचलला, तर सगळं रद्द! "या अल्ला," म्हणत भाई मुकाट्यानं कामाला बसले.

माझ्यावरचं चित्र गेलं, खरी अक्षरं आली. साइट बांधणाऱ्यांचे फोन आले, शिव्या आल्या. भाई सगळ्यांना एकच सांगत, "पयले नाव टाका, मंग बोला." पण खरेदी केंद्राची साइट सांभाळणारा अकोल्याचा विपुल नावं टाकायला काही हलेना. "सोमवारी पाहू," म्हणाला. आता सोमवारी तो आधी उठतो की रागिणी आधी बसते, देव जाणे!

सोमवारी सोसायटीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेषराव खुर्चीमागे, आणि त्यांच्या बाजूला तो दुसरा माणूस. समोर खुशालराव, कापसाची गाडी दाराशी लावून आलेले.

रागिणीनं साइट उघडली, खुशालरावांची माहिती भरली. टॅब. "रद्द करा, बटण." विपुलनं नावं टाकली होती तर! टॅब. "कापूस नोंदवा, बटण."

"दाब ना! कावून थांबली?" शेषराव म्हणाले.

"थांबा, काका." ती मागे गेली, दोन्ही नावं पुन्हा ऐकली. मग दाबलं. "नोंद झाली."

खुशालरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शेषराव त्या दुसऱ्या माणसाला हळूच म्हणाले, "तू जाय, बाबू." रागिणीनं पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी आजही तिच्यासमोर असतो, आणि दुसऱ्या हजार जणांसमोरही. माझ्यावरून बांधणारे अजून कुरकुरतात. कुरकुरा बापहो, पण ऐका. मला रंग देऊ नका, गोल कोपरे देऊ नका, नाव तेवढं द्या. माझ्यासमोर कुणीतरी कान लावून बसलेलं असतं, आणि त्याची खुर्ची ओढायला मागे कुणीतरी टपलेलं असतं.