अभ्र्याखालचं पत्र

मी इस्त्रीचं एक जुनं टेबल आहे, मित्रांनो, आणि माझा मागचा पाय लंगडतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी हसायला नको. आताशा मी दाराआड घडी होऊन उभा असतो. समुद्रावरून धुकं येतं, वॉटसनव्हिलच्या स्ट्रॉबेरीच्या रानांवर पसरतं, आमच्या खिडकीला येऊन टेकतं, आणि माझा डोळा लागतो. मग मला वाफ दिसते. खळीच्या वासाची, छताकडे सावकाश जाणारी वाफ. तिच्या पलीकडे ओतिलियाचा चेहरा असतो, आणि मी पुन्हा तरुण होतो.

कारखान्यात माझ्या पत्र्याला भोकं पाडली, नळ्यांचे पाय जोडले, वर कापसाची गादी घातली, त्यावर निळ्या फुलांचा अभ्रा चढवून खालून नाडी आवळली. झाला माझा जन्म. पहिलं घर एका एकट्या बाईचं. तिने मला वर्षातून दोनदा पडद्यांपुरतं उघडलं असेल. बाकी मी गराजमध्ये कोळ्यांच्या संगतीत. एका रविवारी तिने घरातल्या नकोशा वस्तू अंगणात मांडल्या, आणि तिथून ओतिलियाने मला उचललं. म्हणजे पसंत तिने केलं, डोक्यावर वाहिलं एलाडियोने, तिच्या नवऱ्याने.

"अगं, हे एवढं धूड ठेवणार कुठे? एका खोलीत चौघं झोपतो आपण."

"तुझे पाय दुमडून ठेवीन," ओतिलिया म्हणाली. "मग होईल जागा."

माणसं मिचोआकानची, मेक्सिकोतली, सीमा ओलांडून इकडे कामाला आलेली. दोघंही पहाटे पाचला स्ट्रॉबेरीच्या रानात जायची आणि दिवसभर कमरेत वाकून फळं खुडायची. बोटं लाल, बूट चिखलाचे. पण संध्याकाळी भांडी आवरली की ओतिलिया मला उघडायची. एलाडियोच्या जीन्सला ती अशी खळ घालायची, की त्या पँटी एलाडियोशिवायही उभ्या राहिल्या असत्या. पोरींच्या शाळेच्या कपड्यांवर तर तिचा खरा जीव. "चिखल रानात ठेवून यायचा," ती म्हणायची, "पोरींच्या अंगावर मला त्याचा डाग दिसता कामा नये." मला फार अभिमान वाटायचा. माझ्यावरून गेल्याशिवाय त्या घरातलं कोणी उंबरा ओलांडत नसे.

थोरली यारेली, धाकटी इत्सेल. यारेली पहिलीत गेली आणि तिच्या अभ्यासाला जागा सापडेना. जेवणाच्या टेबलावर कायम कुणाचं तरी ताट, नाहीतर मक्याचं पीठ. मग एके दिवशी तिने मला सगळ्यात खालच्या खाचेत उतरवलं आणि वही पसरली. झालं, इस्त्री उरकली की मी तिचा! ती वाढली तसा मीही एकेक खाच वर चढत गेलो. तिची पेन्सिल अभ्र्यातून, गादीतून थेट माझ्या पत्र्याला टोचायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. गणितं सोडवताना ती गुणगुणत असे. उत्तर जमलं की गुणगुणणं थांबायचं, आणि मी श्वास सोडायचो. टेबलाला श्वास कुठला म्हणाल, पण तुम्ही तिथे नव्हता.

घरातले इंग्रजी कागद यारेलीच वाचायची. विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, घरमालकाची नोटीस. ती वाचून सांगायची, आणि आई मान डोलवायची.

शाळेत मात्र ओतिलिया कधी पाऊल टाकत नसे. शेजारच्या दोन्या चुय, घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई, एकदा म्हणाल्या, "पालकांची सभा आहे म्हणे. जात नाहीस?"

"मी जाऊन काय सांगू बाईंना? त्या शिकलेल्या. पोर त्यांच्या हाती सोपवली ना, मग सोपवली. दुसरीच्या चुलीवरच्या भांड्यात आपण डाव घालतो का?"

हा तिचा मान होता, मित्रांनो. शाळेत मात्र त्याचा भलताच अर्थ निघत होता. ही आई कधी फिरकत नाही, म्हणजे हिला पोरीची पर्वा नाही! ते मला पुढे कळलं, आणि तेव्हा माझा पत्रा तापला तो काही इस्त्रीने नव्हे.

यारेली सातवीत होती. सोमवारी दुपारी ती घरी आली, मला उघडलं, पण वही काढली नाही. एक पत्र काढलं. कितीतरी वेळ ती त्याच्याकडे बघत बसली. इत्सेल तिथेच जमिनीवर चित्र रंगवत होती. यारेली तिला हळूच म्हणाली, "इत्सेल, मला गणिताच्या वरच्या तुकडीत घेतायत."

"म्हणजे माडीवर?"

"नाही गं वेडे. अवघड गणित. रोज सकाळी साडेसहाला वर्ग. शुक्रवारपर्यंत आईची सही हवी." मग जराशाने ती म्हणाली, "पण साडेसहाला मी गेले, तर तुझी वेणी कोण घालणार? तुला खायला कोण देणार? शाळेच्या बसपर्यंत कोण सोडणार?"

"तू," इत्सेल म्हणाली आणि रंगवत राहिली.

यारेलीने पत्राचा चोळामोळा केला, परत उलगडला, माझी नाडी सैल केली आणि ते अभ्र्याखाली सारून दिलं. नाडी पुन्हा आवळली. डोळे पुसले. आई घरी आली तेव्हा ती भात ढवळत होती.

त्या आठवड्यासारखे दिवस माझ्या आयुष्यात दुसरे नाहीत. पोरीचं अख्खं पुढचं आयुष्य माझ्या छातीशी, आणि मला तोंड नाही! मंगळवारी ओतिलिया दमून तशीच झोपली, यारेलीने वही मांडीवर घेतली, आणि मला कोणी उघडलंच नाही. मी दाराआड अर्धवट झोपेत, आणि स्वप्नात ते पत्र पाखरासारखं माझ्या गादीत फडफडत होतं. बुधवारी ओतिलियाने इत्सेलचे दोन फ्रॉक केले, टोकाशी, पत्रापासून हातभर लांब. मी मनात ओरडत होतो, अगं जरा इकडे, जरा इकडे!

गुरुवारी संध्याकाळी एलाडियोचा पांढरा शर्ट निघाला. कोणाच्या तरी बाळाच्या बाप्तिस्म्याला जायचं होतं. ओतिलियाने त्याची पाठ माझ्यावर पसरली, इस्त्री फिरवली, आणि थबकली. पाठीवर आडवी चुणी.

"ही कुठून आली बाई?"

पाणी शिंपडलं, पुन्हा दाबलं. चुणी पुन्हा तिथेच. तिने हात फिरवला, काहीतरी खरखरलं. तिने शर्ट बाजूला टाकला, नाडी सोडली आणि पत्र बाहेर ओढलं. मित्रांनो, मला वाटलं आता आनंदीआनंद होणार. कसलं काय! तिचा चेहरा राखेसारखा झाला. तिला वाचता आलं ते एवढंच, की वर शाळेचं चिन्ह आहे आणि मध्ये आपल्या लेकीचं नाव आहे.

दोन्या चुय दारातच उभ्या होत्या. "कुणाकडून तरी वाचून घे की."

"नको, चव्हाट्यावर कशाला आणू? शाळेतून कागद कशासाठी येतो? उवा झाल्या तेव्हा आला होता. तुमच्या नातवाने खिडकीची काच फोडली तेव्हा आला होता."

"माझ्या नातवाला मध्ये आणू नकोस."

"आणि हिने तर लपवलाय. म्हणजे काहीतरी मोठंच करून बसलीय."

"अगं, मग तिलाच विचार."

ओतिलियाने इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, "विचारलं आणि ती माझ्या तोंडावर खोटं बोलली तर? ते मला सोसायचं नाही, दोन्या चुय. त्यापेक्षा मीच जाते आणि बाईंचे पाय धरते."

तिने पत्रावर ओला रुमाल पसरला, इस्त्री मंद केली आणि त्या कागदाची एकेक सुरकुती काढली. चोळामोळा झालेला कागद बाईंच्या हातात कसा द्यायचा, म्हणून. तिचं एक टिपूस त्या रुमालावर पडलं आणि लगेच वाफ होऊन गेलं. ते फक्त मला माहीत आहे.

शुक्रवारी ती रानात गेली नाही. ठेवणीतला निळा झगा तिने दोनदा इस्त्री केला, मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले तमाले डब्यात भरले, आणि शिक्षा ऐकायला निघाल्यासारखी निघाली. मी उघडाच राहिलो होतो. सकाळचं धुकं विरलं, ऊन माझ्यावरून सरकत सरकत भिंतीवर गेलं. दुपारी दाराशी गाडी थांबली आणि घरात दोन बायका आल्या. ओतिलिया, आणि तिच्यामागे उंच, गोऱ्या हॅलोरन बाई, यारेलीला गणित शिकवणाऱ्या. दोघींचे डोळे सुजलेले. हे बघताच दोन्या चुयही धावत आल्या.

"अहो, काय केलं पोरीने?"

"काय सांगू तुम्हाला!" ओतिलियाने पत्र माझ्यावर ठेवलं आणि धपकन खुर्चीत बसली. "मी आपली माफी मागतेय, मागतेय. म्हटलं, तिने केलं असेल ते पदरात घ्या, पोर मुळात वाईट नाही. तमाले पुढे केले. आणि ह्या बाई नुसत्या माझ्याकडे बघतायत. मग म्हणाल्या, यारेली अख्ख्या सातवीत गणितात पहिली आहे!"

हॅलोरन बाईंना आमची भाषा तुटकीच यायची. त्या शब्द शोधत म्हणाल्या, "माफी... मी मागायची. मला वाटलं, आईला नको आहे. तीन वर्षं तुम्ही आला नाहीत. मी विचारलं नाही. मी एकटीच ठरवलं."

तेवढ्यात यारेली आली. दारातच तिने बाईंना बघितलं, माझ्यावरचं सरळ केलेलं पत्र बघितलं, आणि दप्तर तिच्या खांद्यावरून खाली घसरलं.

"का लपवलंस?" ओतिलियाने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

"मी सकाळी गेले तर इत्सेलचं कोण बघणार? तू पाचला जातेस. बाबा पाचला जातात. तू आधीच किती दमतेस, आई."

"मी दमते ते कशासाठी गं? तू माझ्याकडे बघून तुझं शिक्षण सोडावंस म्हणून? आई मी आहे ना या घरात? मग मला न विचारता माझ्या वतीने 'नाही' म्हणणारी तू कोण?"

यारेली हुंदके देऊन रडायला लागली. ओतिलियाने तिला जवळ ओढलं आणि स्वतःही रडली, इस्त्रीच्या झग्याचं भान न ठेवता.

"वेण्या मला येतात म्हटलं," दोन्या चुय फणकारल्या. "चार वाजल्यापासून जागी असते मी. मला कोणी विचारील तर ना!"

ओतिलियाने पेन मागितलं. सही माझ्यावरच केली. सावकाश, एकेक अक्षर दाबून, आणि ते पेन माझ्या पत्र्यापर्यंत पोचलं.

बाई कागद घेऊन उठल्या, आणि थांबल्या. म्हणाल्या, याच वस्तीत अशी सात पत्रं पाठवली होती, इतर सहांचं उत्तर आलेलं नाही. ओतिलियाने डोळे पुसले. "सोमवारपर्यंत थांबता का? आणि घरं दाखवा मला."

शनिवार-रविवार दोघी दारोदार फिरल्या. एका घरी पत्र फ्रीजवर धूळ खात होतं. एका घरी आईने भीतीने ते फाडून टाकलं होतं. एका बापाने ऐकून घेतलं आणि तरी नाहीच म्हणाला, त्याची मोठी अडचण होती. एका घराला कुलूपच होतं. पण चार घरांतून सह्या झाल्या, आणि एका आईने तर ओतिलियाचा हात धरून विचारलं, "म्हणजे शाळेतून चांगल्यासाठीसुद्धा कागद येतो?"

त्याला वर्षं झाली. यारेली आता दूरच्या शहरात कॉलेजात आहे. तिथे तिला खरं टेबल आहे, दिव्यासकट. इत्सेल इस्त्री न लागणारे कपडे घालते. माझा अभ्रा फाटलाय, पाय गंजलेत, आणि तेल घालायचं कोणाच्या लक्षात नाही. ओतिलियाला तरी वेळ कुठे? संध्याकाळी ती शाळेत असते, नव्याने आलेल्या आयांना कागद समजावत. रागावतो मी कधीकधी. मग धुकं येतं आणि राग विसरतो.

पण मित्रांनो, एक मात्र झोपेतसुद्धा माझ्या मनातून जात नाही. यारेलीने ते पत्र मायेपोटी लपवलं होतं, आणि त्या मायेने तिचं सगळं हुकलं असतं. एका चुणीने वाचली ती. तुमच्या दप्तराच्या तळाशी असा एखादा कागद असेल, घरच्यांना त्रास नको म्हणून तुम्ही दडवलेला. तो आज बाहेर काढा. आई दमलेली असेल, हात कामात असतील, तिला ती भाषा येत नसेल, तरी तिच्याजवळ बसा आणि तिला कळेल असा वाचून दाखवा. मग ती काय म्हणायचं ते म्हणेल. पण तिला विचारा.