पाठीवरचा हात

गोविंदाकाकांचा मला पहिल्यापासून संशय होता. ते आमच्या घाटंजीच्या गायन पार्टीचे ढोलकीवाले. आता त्यांची बोटं आखडत चालली होती आणि ढोलकी दुसऱ्या कुणाकडे जाणार होती. शिकणारे दोघेच: मी, म्हणजे ममता, आणि त्यांचा पुतण्या अश्वजित. रक्ताचं माणूस कुणाला जवळचं नसतं?

मला ती ढोलकी हवी होती. माझा हात अश्वजितपेक्षा साफ पडतो, हे काकाही कबूल करायचे. तरी त्या हिवाळ्यात त्यांनी अश्वजितला पुढ्यात बसवून एकेक बोल समजावला, मात्रा मोजून दिल्या. मला मात्र सांगितलं, नलूआत्यामागे बस आणि ती गाताना तिच्या पाठीवर हात ठेव.

नलूआत्या आमची गायिका. कापसाच्या जिनिंग कारखान्यात वर्षानुवर्षं रुई उपसून तिला दमा जडला होता. झालं, मी म्हटलं, आपली नेमणूक पाठ चोळायला. कारण विचारलं तर काका म्हणाले, बस म्हटलं ना. विद्या लपवणारा माणूस असाच तुटक बोलतो. मी धुसफुसत बसायचे, पण उठून जायचे नाही. मी उठले की ते अश्वजितला काय काय देतील, याचा भरवसा नव्हता.

कापसाने त्या वर्षी सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं. गावोगावचे जयंतीचे कार्यक्रम रद्द झाले, उरला एकटा बाभुळगावचा. तिथे काकांनी ढोलकी अश्वजितला दिली आणि मला कोरसमध्ये टाळ्या वाजवायला बसवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्याच गाण्यात आत्याचा श्वास ओळीच्या मध्येच तुटला. अश्वजित मोजून अगदी बरोबर वाजवत होता, म्हणून ढोलकी पुढे निघून गेली आणि आत्या मागे राहिली. पुढच्या कडव्यातही तेच. लोक चुळबुळ करू लागले. गाणं संपताच काकांनी ढोलकी उचलली आणि माझ्यापुढे ठेवली. फजितीच्या वेळी बरी मी आठवले, असंच माझ्या मनात आलं.

पुढचं गाणं सुरू झालं. एका ओळीवर माझी थाप आपोआप अडली. मान वर केली तर आत्या श्वास घेत होती. तिने शब्द उचलला आणि माझा हात तिच्यासोबतच पडला. शेवटपर्यंत तसंच चाललं. तळवा चामड्यावर होता, पण मला तिची पाठच लागत होती.

परतताना जीपमध्ये मी काकांना धरलंच. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"सांगतलं असतं तं तू बी मोजत बसली असती," काका म्हणाले. "त्याले हातानं कळत नोहोतं, म्हणून तोंडानं सांगून राह्यलो होतो."

माझा काही विश्वास बसला नाही. मी नलूआत्याकडे वळले. तुझा दम कुठे तुटतो, ते निदान तू तरी मला सांगायचं होतंस.



"मले कुठं ठाऊक हाय, बाई," ती म्हणाली. "तुले कळलं ना? तूच सांग."

मी सांगायला तोंड उघडलं, पण शब्दाआधी माझा हातच तिच्या पाठीवर गेला.