आधी ड्रायव्हरला टोचा

"गाडी पाहूनच पळाले सारे," स्टिअरिंगवरचे हात न काढता हिरालाल म्हणाला. "चला सिस्टर, वापस जाऊ."

आंबागडच्या किल्ल्याखालच्या त्या टोलीत, त्या लहानशा वस्तीत, चिटपाखरू नव्हतं. चुली धुमसत होत्या, एका ओट्यावर अर्धी वळलेली बिडी तशीच पडली होती. करोनाच्या वर्षभरात दवाखान्याची ही पांढरी गाडी ज्याला घेऊन गेली, तो कधी पंधरवड्याने परतला, कधी परतलाच नाही. म्हणून ती वळणावर दिसली की माणसं जंगलाची वाट धरत.

रुपा सिस्टरांनी लसीचा डबा खांद्याला अडकवला. "वापस कायले? ते नाई आले तर आपन जाऊ. मोहफुलं वेचून राहिले असतीन सारे."

हिरालाल त्यांच्या मागून निघाला. त्याला जंगलाची भीती नव्हती, करोनाचीही नव्हती. घरच्यांनी ज्यांना हात लावला नाही, अशा रोग्यांना त्याने उचलून गाडीत घातलं होतं, भंडाऱ्याला पोचवलं होतं. पण सुई म्हटली की हा धिप्पाड गडी काहीतरी निमित्त काढून पळायचा. कर्मचाऱ्यांना लस टोचली, त्या दिवशी तो टायर बदलायला तुमसरला गेला. दुसऱ्या खेपेला त्याला सर्दी झाली. तिसऱ्या खेपेला त्याची सासू वारली. ती बिचारी करोना यायच्या आधीच वारलेली होती. पण हिरालालने तर सगळ्यांच्या आधी घेतली असणार, असंच जो तो धरून चालला होता.

मोहाच्या झाडाखाली सारी टोली सापडली. फक्त तुलाराम बुढा खाली नव्हता. तो झाडावर चढून बसला होता.

"बाबाजी, उतरा ना खाली!" सिस्टर ओरडल्या.

"नाई उतरत! सुई घेतली का मानूस दोन सालात मरते म्हनते."

"तुमचं वय काय जी?"

"असंन ऐंशी."

"मंग दोन सालं पक्की भेटून राहिली ना तुमाले! घेऊन टाका!"

खाली हशा पिकला. तुलाराम एक फांदी खाली सरकलाही. मग त्याचं लक्ष मागे उभ्या हिरालालकडे गेलं.

"तू नर्स आहेस, तुले चालते. या ड्रायव्हरनं घेतली का?"

"घेतली ना," हिरालाल म्हणाला.

"कोन्त्या हातात?"

"उजव्या," म्हणत हिरालालने डावा हात पुढे केला.

सगळी टोली त्या हाताकडे पाहत राहिली. सिस्टरांनी डबा खाली ठेवला. "हिरालालभाऊ, खरं सांगा."

"मले सुईचं भेव लागते, सिस्टर," हिरालाल कसाबसा म्हणाला.

बायांनी तोंडाला पदर लावले. तुलाराम फांदीवर मांडी ठोकून ओरडला, "आधी ड्रायव्हरले टोचा! त्याले टोचली का मी उतरतो!"

हिरालालने मागे वळून गाडीकडच्या वाटेवर नजर टाकली. तेवढ्यात बायांमधून गोदावरीबाई उठली. तिच्या नवऱ्याला, ताराचंदला, गणपतीच्या दिवसांत हिरालालनेच नेलं होतं. तो आला नाही. त्याची मातीही तिला दिसली नाही. तेव्हापासून ती रस्त्यात दिसली की हिरालाल गाडी दुसरीकडे वळवायचा. आज वळवायला गाडी नव्हती.

"बसा भाऊ," तिने त्याला मनगट धरून खाली बसवलं. "तिकडं पाहू नोका. माह्याकडं पाहा."

हिरालालने तिच्याकडे पाहिलं. सिस्टरांनी बाही वर सारली.

"मालक गाडीत काई बोलले का जी?" तिने हळूच विचारलं.

"बोलले ना, बाई. धाप लागली होती, पन बोलून राहिले होते. पहिले म्हनाले, गाडी हळू चालव बे, मले कोन्ती घाई आहे."

गोदावरीबाई हसली. "तसेच होते ते. अखीन?"

"तुमसर आलं तवा म्हनाले, गोदीले सांगजो. वजनी काई उचलू नोको म्हना, कंबर गेली तिची."

त्याचं मनगट तिने घट्ट धरून ठेवलं.

"झालं," सिस्टर म्हणाल्या.

"काय झालं?" हिरालालने दंडाकडे पाहिलं. तिथला कापूस त्याला दिसला, आणि सहा फुटी हिरालाल मोहफुलांच्या ढिगावर सरळ आडवा झाला.

मग एकच धावपळ. कोणी पाणी मारलं, कोणी कांदा आणायला पळालं. "मेला का?" तुलाराम वरून ओरडला. "नाई, घोरून राहिला," कोणीतरी उत्तर दिलं. एवढा मोठा गडी एका सुईने लोळला, हे पाहून टोलीला कोण धीर आला! बाया हसत हसत रांगेत बसल्या. तुलाराम उतरला, आणि आपण डोळेही मिटले नाहीत, हे त्याने सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

गोदावरीबाईने सगळ्यांत शेवटी टोचून घेतलं. मग ती आपली भरलेली टोपली उचलायला वाकली, आणि तशीच थांबली. सरळ उभी राहून तिने शुद्धीवर येऊन बसलेल्या हिरालालकडे पाहिलं.

हिरालाल उठला. त्याने टोपली डोक्यावर घेतली आणि तिच्या मागून टोलीकडे हळूहळू चालू लागला.