अकरा पुड्या, उकळत्या पाण्यात

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. मी म्हातारा होत नाही. मी मधोमध फाटतो आणि माझे दोन होतात. त्या दोघांतला खरा मी कोणता, हे माझं मलाही कळत नाही. घाबरलात? अहो, तुमच्या पोटात हे आत्ता, वाचता वाचताही चाललंय.

माझा जन्म कारखान्यातल्या स्टीलच्या टाकीत झाला. तिथे आम्हाला गोडसर रसात वाढवलं, मग गोठवलं, वाळवलं आणि पूड करून पुड्यांत भरलं. वाळलेला जिवाणू मेलेला नसतो, पण त्याला जिवंतही म्हणवत नाही. तसे आम्ही कोट्यवधी जण अंधारात पडून होतो. अशा तीस पुड्यांचा आमचा डबा एका स्वयंपाकघराच्या फळीवर येऊन बसला.

त्या घरातली आई इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायची. चिमटे, कात्र्या, सुऱ्या वाफेच्या बंद पेटीत घालायच्या आणि एकही जंतू जिवंत सुटू द्यायचा नाही, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ते काम तिच्या मागोमाग घरीही यायचं. चमचे उकळलेले, खेळणी उकळलेली. बाहुलीचे तर केस उकळून उकळून गळून गेले होते. तिच्या चार वर्षांच्या लेकीला सगळे ढब्बू म्हणत, आणि ढब्बू होती काडीसारखी. तिला साधी शिंक आली तरी आई आपल्या मनानेच अँटिबायोटिक पाजायची. ते औषध आत उतरलं की आमच्यातला भला कोण, बुरा कोण, हे बघत बसत नाही.

एकदा शेजारच्या काकूंकडे ढब्बूने केकचा घास खाल्ला. त्यात अंडं होतं. ओठ सुजले, छातीतून शिट्टी वाजू लागली. इस्पितळ गाठेपर्यंत आईचा जीव टांगणीला लागला. पुढच्या वेळी श्वास परत येईलच असं नाही, हे तिला कळून चुकलं. डॉक्टरीणबाईंनी अंडं बंद केलं, आईने मनाने द्यायची औषधं बंद केली आणि आमचा डबा दिला. "याने अ‍ॅलर्जी जाईल असं नाही हं. लागला तर हातभार लागेल," त्या म्हणाल्या.

मग रोज सकाळी तेच ऐकू यायचं. शेजारची एक पुडी फाटायची. पूड पाण्यात पडायची. क्षणभर फुसफुस, आणि मग काहीच नाही. ओळीने अकरा दिवस हेच चाललं. बाराव्या पुडीत मी होतो.

अकराव्या दिवशी आई डबा पिशवीत टाकून डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"कोमट पाण्यातूनच देताय ना?" त्यांनी विचारलं.

"कोमट? छे! पाणी चांगलं खळाखळा उकळते, त्यात पूड ढवळते आणि निवलं की पाजते. जंतू नकोत बाई."

"अहो, पुडीत जंतूच आहेत! चांगले जंतू."

आई डब्याकडे बघत राहिली. "म्हणजे अकरा दिवस मी हिला मढी पाजली?" ती म्हणाली आणि रडायला लागली. खोटं कशाला बोलू मित्रांनो, मला तिचा फार राग आला होता. पण ते रडणं ऐकून माझाही जीव कळवळला.

बाराव्या सकाळी पाणी कोमट होतं. मी पुरता जागा झालो. जठरातल्या आम्लात माझे कितीतरी सोबती विरघळून गेले. मी आतड्यात पोचलो, तर तिथे सगळं ओसाड. जुने रहिवासी जेमतेम उरलेले. भिंतीमागे शरीराचे पहारेकरी उभे होते. तुम्ही त्यांना पांढऱ्या पेशी म्हणता. तरुण, हत्यारं उपसलेले आणि कोणाशीच ओळख नसलेले. लहानपणापासून आमच्याशी गाठ पडत गेली की त्यांना आपलं कोण, परकं कोण हे उमगत जातं. इथे शिकवायला कोणी राहिलंच नव्हतं, म्हणून ते अन्नाच्या कणालाही दचकत. मी भिंतीला चिकटलो. तेवढ्यात पलीकडून एका पहारेकऱ्याचं लांब बोट आलं आणि मला चाचपून गेलं. मी हललो नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आलं. असं वर्षभर चाललं. आमच्यातले बरेचसे चार दिवसांचे पाहुणे. ते निघून जायचे, नव्या डब्यांतून नवे यायचे, आणि मी फाटत राहायचो.

वर्षाने डॉक्टरीणबाईंनी इस्पितळातच, इंजेक्शन हाताशी ठेवून, ढब्बूला उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा दिला. आई तिच्या ओठांकडे टक लावून बसली. तुकडा माझ्या शेजारून गेला. पहारेकऱ्यांची रांग वळली. लांब बोट पुढे आलं, थबकलं, आणि मागे गेलं. हत्यारं खाली आली. हे माझ्यामुळे झालं की तिच्या वाढत्या वयामुळे, ते मला ठाऊक नाही आणि डॉक्टरीणबाईंनाही नाही.

मित्रांनो, हात धुवा, जरूर धुवा. पण एका शिंकेपायी मनाने गोळ्या गिळू नका. तुमच्या आत कोणीतरी जागं आहे, आणि त्याला ओरडता येत नाही.

तासाभराने ढब्बूने पोटावर हात ठेवला. "आई, आत कोणीतरी हलतंय."

 आई लेकीच्या हातावर आपला हात ठेवून हळूच म्हणाली, "असू दे. राहू दे त्याला तिथेच."