कुंडी नव्हे, डोणवाडीची डोणी

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करते. मी कुंडी नाही. माझ्या पोटात आज माती भरली आहे, मातीत लाल-पिवळी फुले लावली आहेत आणि माझ्यापुढे पाटी ठोकली आहे, 'फुले तोडू नयेत. डोणीत पाणी ओतू नये. आदेशावरून.' हे सगळे खरे, तरीही मी कुंडी नाही. मी जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी आहे. डोणीत पाणी ओतू नये म्हणणे म्हणजे चुलीत जाळ घालू नये म्हणण्यासारखे आहे. पण पुण्यात एकदा पाटी लागली की तिच्याशी वाद घालायची सोय नसते.

स्वारगेटहून खडकवासल्याकडे जाणाऱ्या बसने आलात आणि वाटेत डोंगराच्या बाजूला वळलात, तर एका उंच सोसायटीच्या फाटकाशी, हिरवळीवर मी दिसेन. या जागेला डोणवाडी म्हणत. गावाला माझे नाव मिळाले होते, मला गावाचे नव्हे. ते कसे, तेवढे ऐकून घ्या.

फार वर्षांपूर्वी वरच्या अंगाला धरण झाले आणि चार घरांची जमीन पाण्याखाली गेली. ती चार घरे आपली दळणाची जाती, भांडी आणि देव बैलगाड्यांत घालून खाली आली आणि या माळावर उतरली. गंमत बघा. ज्यांना पाण्याने हुसकावले, त्यांनी जागा निवडली ती अशी, की जिथे प्यायला पाणीच नव्हते. माळ उंच आहे, पुन्हा बुडायचे भय नाही, एवढाच विचार त्यांनी केला होता. मग काय, बायका रोज खालच्या ओढ्यावरून डोक्यावर हंडे आणू लागल्या आणि रोज पुरुषांच्या अकलेचा उद्धार करू लागल्या.

शेवटी विहीर खणायचे ठरले. वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. त्या पाषाणाची एक मोठी शिळा साखळदंड लावून बैलांनी वर ओढली. ती मी. सीताराम नावाच्या पाथरवटाने माझे पोट कोरायला घेतले. त्याला चार घरांतून पाळीपाळीने भाकरी येई. भाकरी चांगली असली की त्याची छन्नी भराभर चाले आणि पिठले आळणी असले की दुपारभर विसावा घेई. माझी एक बाजू जरा ओबडधोबड राहिली, ती कोणाच्या घरच्या पिठल्यामुळे, हे मी सांगणार नाही.

विहिरीला पाणी लागले त्या दिवशी आनंद झाला आणि लगेच भांडणही झाले. पहिला हंडा कोणी भरायचा? चारही घरांचे कर्ते हातात दोर घेऊन उभे. त्यांच्यात थोरला गेनबा. त्याची बायको बायडाबाई पुढे झाली, तिने नवऱ्याच्या हातातला दोर घेतला, हंडा शेंदला आणि सगळा माझ्यात ओतला.

"दगुड कुनी वढला?" ती म्हणाली. "बैलांनी. त्यांनी आधी प्यावं. मग तुमी भांडा."

बैल प्याले. भांडण तिथेच विरले. त्या दिवसापासून गावाची रीत पडली, की सकाळी जो कोणी पहिल्यांदा विहिरीवर येईल त्याने पहिला हंडा डोणीत घालायचा. डोणीतले पाणी सगळ्यांच्या जनावरांचे. वाटसरूच्या घोड्याचे, परगावच्या गाढवाचे आणि हाकलून दिलेल्या म्हाताऱ्या गाईचेही.

पुढे लोहार आला, तेली आला, न्हावी आला. ज्याला गावात राहायचे त्याने माझ्यात एक हंडा ओतायचा आणि ओतला की तो गावचा. कागद नाही, शिक्का नाही. लग्न होऊन आलेली नवरीसुद्धा घराचा उंबरा ओलांडण्याआधी माझ्याकडे येई. भरजरी पदर सावरत ती कळशी उपडी करी आणि बाकीच्या बाया तिची परीक्षा घेत, की पाणी बाहेर किती सांडले.

आणखी एक रीत होती. वाद विकोपाला गेला की दोघांना माझ्यापाशी आणत. उजवा हात पाण्यात बुडवायचा, डोळ्यांना लावायचा आणि मग बोलायचे. खोटे बोलणाऱ्याला मुक्या जनावरांचा तळतळाट लागतो, असे बायडाबाईने सांगून ठेवले होते. लागतो की नाही हे मला ठाऊक नाही, पण हात बुडवायची वेळ आली की निम्मी भांडणे आपसूक मिटत.

काय दिवस होते ते. पहाटे मोटेचा आवाज, मग बांगड्यांचा. भाजीच्या गाड्या पुण्याला निघायच्या आधी बैल माझ्याकडे येत, पाण्यावर फुंकर मारत आणि मगच पीत. पुढे गाड्या गेल्या आणि मार्केट यार्डाला जाणारे टेम्पो आले, तरी ड्रायव्हर उतरून माझ्यातल्या पाण्याने तोंड धुऊन घेई. मी रागावे, पण मनातून मला बरे वाटे. पोळ्याला माझ्या काठाला गेरू लावत. आणि दिवाळी झाली की फलटणकडचे मेंढपाळ कोकणात उतरताना इथे थांबत. त्यांची मेंढरे रात्री शेतात बसवायची, शेताला खत मिळे आणि मेंढरांना माझ्यातले पाणी. हा व्यवहार कितीतरी पिढ्या चालला, कोणाला त्याची आठवण करून द्यावी लागली नाही.

मग घरोघर नळ आले. ट्रॅक्टर आले, बैल गेले. गाव शहरात धरले गेले, शेतांचे प्लॉट झाले. हळूहळू माझ्याकडे कोणी फिरकेनासे झाले. येत राहिली ती एकटी तुळजाबाई. ही गेनबाच्या घराण्यातली सून. नवरा गेला, म्हशी विकल्या, तरी रोज सकाळी विहिरीतून एक हंडा शेंदून माझ्यात ओतायची. चिमण्या पीत, कुत्री पीत. वर्षातून एकदा बिरा मेंढपाळ येई, तेव्हा ती एकटी इतके पाणी शेंदायची की दंड भरून येत.

"बिरा, तू जोवर येशील तोवर हितं पानी मिळंल," ती त्याला म्हणायची. "ह्यो माजा शबुद."

आता जे सांगायचे, ते सांगायला मला आजही जड जाते.

तुळजाबाईचा पुतण्या जयसिंग. माणूस गोड बोलणारा, कडक इस्त्रीचा. त्याने आजूबाजूची जमीन घेऊन सोसायटी बांधायला काढली. पण तिचा रस्ता निघणार होता तो विहिरीकाठच्या तुकड्यातून आणि तो तुकडा तुळजाबाईच्या वाट्याचा होता. एका सकाळी तो माझ्यापाशी आला. ती हंडा ओतत होती.

"काकी, रस्ता तुझ्या तुकड्यातनंच निघतोय. दुसरीकडनं सोयच न्हाय."

"काढ की रस्ता. तुकडा दिला तुला. पर हीर बुजवायची न्हाय आन डोनी हलवायची न्हाय. बिराला म्या शबुद दिलाय."

"बास, एवढंच? दिला शब्द."

"तोंडी नगं," ती म्हणाली. "हात बुडीव."

जयसिंग हसला. त्याने मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकले, बाही वर केली, उजवा हात माझ्या पाण्यात बुडवला आणि डोळ्यांना लावला. "हीर बुजणार न्हाय, डोणी हलणार न्हाय," तो स्पष्ट बोलला.

मित्रांनो, माझा विश्वास बसला. का बसू नये? माझ्यात हात बुडवून शब्द फिरवलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तुळजाबाईने त्याच आठवड्यात तुकडा त्याच्या नावे करून दिला.

पुढे इमारती उभ्या राहिल्या आणि माणसे राहायला यायची वेळ आली, त्या उन्हाळ्यात ती बहिणीकडे भाचीच्या लग्नाला गेली. ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी जेसीबी आला. पाडलेल्या घरांचा राडारोडा विहिरीत पडू लागला. मी त्याच विहिरीच्या पोटातून निघाले होते. एकेक खेप पडताना खालून पाण्याचा आवाज येई, मग तो आवाजही यायचा थांबला. क्रेनने मला उचलले आणि हिरवळीवर आणून ठेवले. बागेचे काम घेतलेला माणूस म्हणाला, पाणी साचले तर रोपांची मुळे कुजतील. म्हणून माझ्या तळाला मशिनने भोक पाडले. सीतारामने ज्या तळासाठी दिवसचे दिवस छन्नी चालवली होती, त्याला आरपार भोक पाडायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

वर मला तेल पाजले, दिवा लावला. उद्घाटनाला जयसिंग माझ्यावर हात ठेवून बोलला, "आपला वारसा आम्ही जपलाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात तोच होता. मला कोणी फोडून इमारतीच्या पायात घातले असते, तरी इतके लागले नसते. त्याने मला मोडले नाही, मला बाद केले आणि वर माझाच सत्कार केला. याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचे?

तुळजाबाई महिनाभराने परत आली. फाटकाबाहेरूनच तिने मला पाहिले आणि आत उभ्या असलेल्या जयसिंगकडे वळली.

"हात बुडीवला व्हतास, जयसिंगा," ती एवढेच म्हणाली.

"अगं काकी, हिरीत नुसती घाण साचली व्हती, डास व्हत व्हते. लोक राहायला येणार, त्यांना चालतंय का? आन डोणी बघ की, किती मानानं ठेवलीय. रात्री लाइट लागतो तिला."

"बिरा ईल दिवाळीला."

"मेंढरं आता कुठं येतात काकी. ते समदं जुनं झालं."

दिवाळी झाली आणि बिरा आला. पुढे घोडा, मागे मेंढरे, घोड्यावर कोंबडी, बिऱ्हाड आणि त्याची नात. विहीर होती तिथे डांबरी रस्ता बघून तो गोंधळला. मग त्याला हिरवळीवर मी दिसले. मेंढरांनाही दिसले. ती फाटकाशी दाटली. ओरडू लागली.

सोसायटीतल्या नीरजाताई फिरायला निघाल्या होत्या. "अहो, आत नका आणू त्यांना प्लीज," त्या म्हणाल्या. "लॉन नुकतंच केलंय."

"बाई, डोनीपुरतं येऊ द्या," बिरा म्हणाला. "तहानल्याती. दरसाल हितंच पेत्याती. तुळजाआक्काचा शबुद हाय."

तोवर तुळजाबाई कमरेवर हंडा घेऊन पलीकडच्या तिच्या घरातून आली होती. वॉचमन आडवा आला. "बाजूला हो बाबा," ती म्हणाली आणि तो झाला. हंडा खाली ठेवून तिने दोन्ही हातांनी माझ्यातली माती उपसून काढली, फुले कडेला नीट ठेवली आणि हंडा माझ्यात ओतला. चार मेंढरे पुढे घुसली. मी जीव एकवटून पाणी धरायचा प्रयत्न केला, पण दगड काय प्रयत्न करणार? मेंढरांची तोंडे पोचेपर्यंत पाणी खालून निघून गेले. ती माझा ओला तळ चाटू लागली.

तुळजाबाईने वाकून पाहिले. भोकात बोट घालून पाहिले. एवढ्यात जयसिंगची गाडी फाटकाशी थांबली.

"ह्ये कुनी पाडलं?" तिने विचारले.

"पाणी साचू नये म्हणून पाडलंय, काकी."

"डोनीत पानी साचू न्हाई म्हनून," ती म्हणाली. ती रागावली नाही, रडलीही नाही. बिराकडे मात्र तिला बघवेना. माझ्यासमोर शब्द मोडला होता जयसिंगने आणि मान खाली गेली होती तिची. हे मी कधीही विसरणार नाही.

मग ती उठली आणि घराकडे गेली. तिच्या परसात निळे प्लास्टिकचे पिंप होते. तिने बिराला हाक मारली आणि दोघांनी कोयत्याने ते उभे कापले. अर्धे पिंप रस्त्याच्या कडेला, तिच्या दारात आडवे ठेवले, दोन्हीकडून धोंडे लावले आणि घरातल्या नळाने ती हंडे भरू लागली. नळाची धार करंगळीएवढी. मेंढरे शेकड्याने. थोड्या वेळाने नीरजाताई आपल्या घरून दोन बादल्या घेऊन आल्या, पिंपात ओतल्या आणि पुन्हा भरायला गेल्या. जयसिंगने गाडी आत घेतली. सगळी मेंढरे पिऊन होईस्तोवर दुपार झाली.

दुसऱ्या दिवशी माझ्यात पुन्हा माती भरली, नवी रोपे लावली आणि पाटीवर पाण्याची ती ओळ वाढवली.

जुनी वस्तू सांभाळायची असेल, तर तिला तिचे काम करू द्या. शिकवण म्हणून एवढीच सांगते, कारण माझ्यासारख्यांनी शेवटी शिकवण सांगायची असते. पण मित्रांनो, मला खरे सांगायचे आहे ते वेगळेच. तुळजाबाई आजही सकाळचा पहिला हंडा ओतते, तो त्या निळ्या पिंपात. त्याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, उन्हाने ते पांढरे पडत चालले आहे, दोन पावसाळेही टिकायचे नाही. मला त्याचा हेवा वाटतो. रोज वाटतो.

म्हणून कधी या बाजूला आलात तर माझ्यापाशी थांबू नका, माझा फोटो काढू नका. रस्ता ओलांडून तुळजाबाईच्या दाराशी जा. पिंपाचा तळ दिसत असेल तर त्यात घागरभर पाणी घाला. डोणवाडीची डोणी आता ते आहे.