मला पालथीच राहू द्या

मी जनावरांना पाणी पाजायची एक जुनी दगडी डोण आहे. पनवेलच्या टांगा स्टँडवर, चिंचेच्या झाडाखाली मी कित्येक वर्षं पालथी पडून आहे. तुम्ही मुलं माझ्या पाठीवर बसून चिंचा खाता, चिंचोकेही माझ्यावरच फोडता. फोडा बापडे! पण मित्रांनो, आज जरा माझं ऐका, कारण काल दोन माणसं पहार घेऊन आली होती. पहारीने मला जरासं उचकटून पाहत म्हणाली, "चांगली डोण आहे, फुकट पडलीय. परवा येऊन सरळ करू, पाणी भरू." तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही.

कर्नाळ्याच्या बाजूच्या काळ्या दगडातून पाथरवटाने मला घडवलं. मला इथे बसवलं तेव्हा मी तोऱ्यात होते हो! उरणच्या वाटेने मिठागरांची धूळ खात आलेले घोडे माझ्यात तोंड बुडवायचे आणि असे घटाघटा प्यायचे की मला धन्य वाटायचं. टांगेवाले माझ्या काठावर हात टेकून गप्पा मारायचे. "डोन हाय म्हनून स्टँड हाय," असं बुधाजी म्हणायचा. कोन गावचा हा बुधाजी साऱ्यांत वडीलधारा होता. त्याची घोडी चांदणी, आणि तिच्यावर जीव टाकणारी त्याची बायको गंगाबाई. पोटी पोर नव्हतं. चांदणीला भाकरीचा पहिला तुकडा दिल्याशिवाय ती स्वतः जेवायची नाही.

या स्टँडची एक रीत होती. कुणाचा घोडा आजारी पडला, तर माझ्यातलं पाणी आधी त्याला द्यायचं आणि त्याचं उरलेलं बाकीच्यांनी प्यायचं. म्हणजे त्याला एकटं पडल्यासारखं वाटत नाही, दुखणं वाटून हलकं होतं. किती मायेची रीत! त्याच मायेने घात केला.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट. इथल्याच काशीराम टांगेवाल्याने घाटावरच्या बाजारातून राजा नावाचा घोडा आणला. थोड्याच दिवसांत राजाच्या नाकातून पिवळा, चिकट शेंबूड गळू लागला. रीतीप्रमाणे बुधाजीने स्वतः त्याला माझ्यापाशी आणलं. तो शेंबूड माझ्या पाण्यात पडला, माझ्या काठाला लागला. मला ओरडावंसं वाटलं, पण दगडाला कुठली वाचा?

गुरांचे डॉक्टर आले. राजाच्या पापणीत रोग तपासायची सुई टोचली, दुसऱ्या दिवशी सुजलेला डोळा पाहिला आणि मान हलवली. "हा ग्लँडर्स रोग आहे, एका घोड्याचा दुसऱ्याला लागतो. याला औषध नाही, गोळी घालावी लागेल. माणसालाही होतो, हात धुवा. प्रत्येक घोड्याची बादली वेगळी, दाण्याचा तोबरा वेगळा. शेंबूड दिसला की घोडा लांब बांधा आणि मला बोलवा. आणि ही डोण आजच पालथी करा."

राजाला गाडून आले तेव्हा काशीराम माझ्याच काठावर डोकं टेकून रडला. मग मला पालथी करायला कुणाचा हात होईना. "बाजाराचा दिवस जाऊ दे, मंग बगू," म्हणाले. बाजार झाला, सण आला, तोही झाला. मी तशीच भरलेली.

एकट्या गंगाबाईने डॉक्टरांचं मनावर घेतलं. चांदणीसाठी तिने वेगळी बादली केली, तिच्यावर चुन्याने चांदणी काढली. टांगेवाले चिडवायचे, "बुधाजीची घोडी शेठानी झायली!" ती म्हणायची, "व्हय, हाय शेठानी. तुमाला काय करायचा हाय?"

बुधाजी मात्र खाली मान घालायचा. एके दुपारी काशीराम त्याला म्हणाला, "दादा, माजा राजा ग्येला. आता तुमची चांदनी आमच्या पान्याला पन शिवत नाय. आमी काय वैरी हाव का तुमचे?"

बुधाजीचं मन विरघळलं. त्याने चांदणीला सोडलं आणि माझ्याकडे आणलं. अरे नको रे, नको! मला तडा जाऊ दे, सगळं पाणी वाहून जाऊ दे, असं मी देवाला किती विनवलं! चांदणी पोटभर प्यायली. काशीरामने तिच्या मानेवरून हात फिरवला. दोघा मित्रांचे डोळे भरून आले होते.

पावसाळा लागण्याआधीच चांदणीच्या नाकातून तो पिवळा शेंबूड आला. डॉक्टर पुन्हा सुई घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी बंदूक. गंगाबाई शेवटचा तुकडा द्यायला धावली, तर तिलाही जवळ जाऊ देईनात. "लांबून तरी बगू द्या वो तिला!" ती टाहो फोडत होती. तो आवाज अजून माझ्या दगडात आहे. स्टँडवरचे आणखी घोडेही तसेच गेले.

मग बुधाजी पहार घेऊन आला. सोबत काशीराम होता. दोघांनी मला पालथी केलं, वर चुना ओतला. बुधाजी नंतर टांग्यावर कधी बसला नाही.

गंगाबाई तेव्हापासून माझ्या पाठीवर बसून भाजी विकते. कुणी मला सरळ करायचं नाव काढलं की कडाडते, "माजी चांदनी खाल्ली हिनं. हात लावशील तर बग!" बसणं हे निमित्त आहे, ती पहारा देते. पण आता ती थकली आहे. काल पहारवाले आले तेव्हा ती घरी तापाने पडली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला पुन्हा वापरा. मी उलटं मागते. ज्याची त्याची बादली वेगळी ठेवा. आजारी जनावर लांब बांधा, पण त्याला चारा-पाणी द्यायला विसरू नका, लांबूनही माया करता येते. आणि उद्या पहारवाले येतील, गंगाबाई आली नसेल, तर तुम्ही चौघं-पाचजण माझ्या पाठीवर बसा. कितीही ओरडले तरी उठू नका.